कोलकाता ८४

गडियाची ओळख करून घ्यायची असेल तर एक पथ्य पाळा. ‘इथून कोलकाता किती लांब?’ असं त्याला चुकूनही विचारू नका. गृहस्थ दुखावतो. तोंडाने काही बोलत नाही, फक्त समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवतो. पाटीवर दुकानाच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं ‘कोल–८४’. सात लाख चौऱ्याऐंशी या पिनकोडवर त्याचा भारी जीव. लग्नपत्रिका असो, वाण्याचं बिल असो, नाहीतर फ्लॅटची जाहिरात, चौऱ्याऐंशी तिथे हजर.

वस्तुस्थिती अशी की गृहस्थ निम्माच कोलकात्याचा. शहराच्या पार दक्षिण टोकाला, टॉलीच्या नाल्याकाठी पसरलेला. काही अंग कोलकाता महापालिकेत, काही राजपूर–सोनारपूर नगरपालिकेत. पिनकोड तेवढा दोन्हीकडे तोच, म्हणून झाकलं जातं. पण हद्द कुठे बदलते हे ओळखायला नकाशा लागत नाही, पोलिसाकडे बघितलं की पुरे. पांढऱ्या कपड्यांतला दिसला तर कोलकाता पोलीस, खाकीतला दिसला तर राज्याचा. २०११ साली शहर पोलिसांची हद्द वाढली तेव्हा निम्म्या गडियाच्या अंगावर पांढरा गणवेश चढला. उरलेला निम्मा अजून खाकीत आहे आणि त्याबद्दल तो कोणाशी बोलत नाही.

दुसरी खोड म्हणजे हा एका ठिकाणी कधी सापडत नाही. गडिया मोड, गडिया बाजार, गडिया स्टेशन, न्यू गडिया अशी त्याची बिऱ्हाडं. शिवाय बसच्या नंबरावरून नाव पडलेला पाच नंबर बसस्टँड आहेच. शियालदहहून लोकलने निघालात तर आधी नवा गडिया लागतो आणि मग जुना. नवखा माणूस उतरून मोठ्या उत्साहाने फोन करतो, ‘गडियाला पोचलो!’ पलीकडून आधी उसासा ऐकू येतो आणि मग प्रश्न, ‘कुठल्या?’ त्यानंतर पंधरा मिनिटं दोघंही आपापल्या जागी उभं राहून आजूबाजूच्या मिठाईच्या दुकानांची नावं एकमेकांना वाचून दाखवतात. दुकानांच्या नावांतही फारसा फरक नसतो.

ऑटोत बसलात की स्वभाव जवळून कळतो. मीटर नाही, ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं, मागे तिघं आणि पुढे चालकाच्या डाव्या अंगाला चौथा. हा चौथा म्हणजे निम्मा ऑटोत, निम्मा रस्त्यावर. गुडघा सांभाळत, पिशवी छातीशी धरून तो अशा निवांतपणे बसतो की बघणाऱ्यालाच धडकी भरावी. उतरताना तुम्ही मोठी नोट काढलीत तर चालक मान न वळवता एकच शब्द टाकतो, ‘खुचरो’. सुटे. त्या शब्दावरून गडियात जेवढी भांडणं होतात तेवढी राजकारणावरूनही होत नसतील. मग मागचा एक जण पाकीट उघडतो, दुसरा दहाची नोट पुढे करतो, तिसरा म्हणतो, ‘दादा, माझे तुम्ही द्या, मी यांना देतो.’ चार अनोळखी माणसांचा हिशेब धावत्या ऑटोत मिटतो आणि तेवढ्या वेळात त्यातल्या एकाच्या मेव्हण्याची बदली कुठे झाली तेही सगळ्यांना समजतं.

पैशाला एवढं जपणारा हा गृहस्थ मासळीपुढे मात्र पार विरघळतो. सकाळी साडेसातला नायलॉनची पिशवी घेऊन बाजारात शिरतो. मासेवाला ओट्यावर बसलेला, समोर हातभर उंच उभी विळी, तिची पाटी पायाखाली दाबलेली. कातल्याचा कल्ला दोन बोटांनी उचलायचा, आतला लाल रंग बघायचा, पोटावर अंगठा दाबायचा आणि तोंड वाकडं करायचं. मासा पहाटेचा असला तरी तोंड वाकडं करायचंच, तो शिष्टाचार आहे. मासेवाल्यालाही ते माहीत असतं. तो पाण्याचा एक हबका मारून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो, हाही शिष्टाचारच. भाव जमला की तो मासा दोन्ही हातांनी धरून पात्याकडे रेटतो. डोकं वेगळं होतं, ते डाळीत पडणार. तुकडे किती जाड करायचे यावर पुन्हा बोलणी. शेवटी गृहस्थ सहज आठवल्यासारखा विचारतो, ‘तेल आहे ना?’ हे तेल म्हणजे माशाच्या पोटातली चरबी. ती तळून पहिल्या वाफाळत्या भाताशी खायची असते, आणि फुकट मिळाली तरच गोड लागते. दहा रुपयांसाठी एवढा घोळ घातलेला माणूस परतीच्या वाटेवर कोणी न सांगता पाबदा मासा घेतो आणि घरी त्याची किंमत कमी करून सांगतो.

हा मूळचा इथला नव्हे, निदान स्वतःला तसं समजत नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे आले आणि कोलकात्याच्या दक्षिणेला जादवपूरपासून इथपर्यंत वसाहती उभ्या राहिल्या: विजयगड, आझादगड, रामगड, बाघाजतीन, नेताजीनगर. पुष्कळशा जबरदखल, म्हणजे जमीनदारांच्या पडीक जमिनींवर लोकांनी स्वतःच प्लॉट आखून रातोरात उभारलेल्या. बांबू, चटया, वर गवताचं छप्पर. जमीनमालकांचे लठैत आले की बायका शंख फुंकायच्या, की सगळी वस्ती काठ्या घेऊन बाहेर. पोटाला मिळायच्या आत या लोकांनी शाळा काढल्या. गडियाचं दीनबंधू अँड्र्यूज कॉलेज १९५६ सालचं. त्या काळातल्या आजोबांना विचारलंत तर प्रत्येकाचं तिकडे तळं होतं, आमराई होती आणि पद्मेचा हिल्सा दारात येत होता. एवढ्या आमराया खरोखर असत्या तर पूर्व बंगालमध्ये धान पिकवायला जागा उरली नसती. पण हे हिशेब तिथे मांडायचे नाहीत. त्यांच्या ईस्ट बेंगॉल फुटबॉल क्लबचा सामना असेल त्या दिवशी तर मुळीच नाही.

आपण मराठी, हे कळल्यावर तो क्षणभर तुमच्याकडे निरखून बघतो आणि मग हसत म्हणतो, ‘अरे, बर्गी!’ बर्गी म्हणजे मराठा घोडेस्वार. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण बंगाली आयांनी अंगाईगीतातून अजून जागी ठेवली आहे. त्याच स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला गेला, मराठा डिच. पुरता झालाच नाही. पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. गडिया त्या खंदकाच्या पार बाहेर, म्हणजे मराठे आले असते तर त्याला वाचवायचा कोणाचाही विचार नव्हता. हे मी एकदा चहाच्या टपरीवर बोलून दाखवलं. टपरीवरच्या मंडळींनी ते इतकं मनावर घेतलं की पावणेतीनशे वर्षांनंतरही सर्वानुमते कलकत्त्याचा निषेध झाला आणि चहाचे पैसे मला द्यावे लागले.

घराण्याचा विषय निघाला की तो नाल्याकडे वळतो. आज तुम्हाला दिसतं ते काळं, मंद, नाक धरायला लावणारं पाणी. त्याच्या लेखी ती आदिगंगा. खोटं नाही ते. गंगेचा जुना प्रवाह कालीघाटावरून, इथून, बारुईपूरमार्गे समुद्राला जायचा. मंगलकाव्यांतल्या चांद सौदागराची गलबतं याच वाटेने गेली, आणि चैतन्य महाप्रभू पुरीला जाताना इथे टेकले म्हणून शेजारचं वैष्णवघाटा, अशी श्रद्धा. प्रवाह आटला, तेव्हा १७७५ च्या सुमाराला मेजर विल्यम टॉली या इंग्रजाने तो उपसून गडियाहून पूर्वेला विद्याधरी नदीला जोडला, होड्यांवर जकात बसवली आणि गंगेला आपलं नाव दिलं. टॉलीगंजही त्याचंच. गडियाच्या पुढे तर प्रवाहाचे तुकडे पडून तळी झाली आहेत. ज्याच्या आवारात जो तुकडा, त्याची ती गंगा: घोषांची गंगा, बोसांची गंगा. भगीरथाने एक आणली, इथे वाटणीत प्रत्येकाला एकेक आली.

त्या नाल्याच्या पात्रातच खांब रोवून गडियाला मेट्रो मिळाली. देशातली पहिली मेट्रो १९८४ साली कोलकात्यात धावली, दोन वर्षांत टॉलीगंजला आली आणि तिथेच अडली. पुढे यायला तिला २००९ उजाडलं. एवढी वर्षं वाट बघून गाडी आली, तर गडिया बाजारच्या स्टेशनला नाव मिळालं ‘कवी नजरुल’. अलीकडे नाकतला, ते ‘गीतांजली’. पलीकडचं ‘शहीद खुदीराम’. २०१० मध्ये न्यू गडियाला शेवटचं स्टेशन झालं, ते ‘कवी सुभाष’. टॉलीगंजला तर साक्षात उत्तमकुमार. सगळ्या थोरामोठ्यांची सोय झाली आणि यजमान उरला कंसापुरता. वरवर तो म्हणतो, नावात काय आहे. पण ऑटोवाल्याला ‘कवी नजरुल’ म्हणून बघा, तो तुम्हाला ‘म्हणजे गडिया बाजार’ असं दुरुस्त केल्याशिवाय हँडल वळवणार नाही.

मेट्रोने त्याचा दिमाख वाढवला हे मात्र खरं. पंचवीस रुपयांत थेट दक्षिणेश्वर, शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवाय शेवटचं स्टेशन आपलं, ही शान वेगळीच: गाडी रिकामी मिळते, बसायला जागा मिळते आणि पुढे रवींद्र सरोवरला चढणाऱ्या दक्षिण कोलकात्याच्या बड्या लोकांना उभं राहून जावं लागतं. सकाळी नऊला त्यांच्याकडे वर मान करून बघताना गडियाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते तुम्हाला कुठल्याही देवळात दिसायचं नाही. म्हणून २०२५ च्या जुलैत ‘कवी सुभाष’च्या खांबांना तडे गेले, स्टेशन बंद करावं लागलं आणि गाड्या ‘शहीद खुदीराम’लाच संपू लागल्या, तेव्हा तो गप्प गप्प होता. एका स्टेशनाने का होईना, तो आखूड झाला.

सिनेमाचा विषय काढलात तर खुलतो. सत्यजित राय यांना ‘पथेर पांचाली’साठी खेडं हवं होतं, ते त्यांना सापडलं बोडालला, गडियाच्या अगदी पाठीला. पडकं घर, बांबूचं बन, तळं, सगळं इथलं. चित्रपट १९५५ साली आला आणि अपू जगभर फिरून आला. आता त्या वाटेवर चारमजली इमारती आहेत, पण गडियाचा प्रत्येक माणूस तुम्हाला ‘इथूनच दुर्गा धावली’ असं सांगतो. पांढऱ्या कासफुलांतून धूर सोडत जाणारी ती आगगाडी मात्र इथली नव्हे, ती बर्धमानकडच्या पालसिटची. हे तुम्हाला माहीत असलं तरी त्याच्या तोंडावर बोलू नये. घराजवळून एवढ्या लोकल जात असताना रायबाबू गाडीसाठी पालसिटला गेले, हे त्याला अजून सोसलेलं नाही.

परदेशाचीही हौस आहे. २०१८ साली पाटुलीच्या तळ्यात होड्यांवर बाजार मांडला गेला, बँकॉकच्या धर्तीवर. गृहस्थ सहकुटुंब गेला, लाकडी पुलावर उभं राहून फोटो काढले, पाहुण्यांना पाठवले. आणि मासळी नेहमीच्या ओट्यावरूनच घेतली. होडीतल्या माशाचा कल्ला उचलून बघताना तोल गेला तर काय घ्या.

पाऊस हा त्याचा खरा कच्चा दुवा. कोलकात्याची जमीन हुगळीकडून पूर्वेला उतरत जाते. शहराचं पाणी खाड्या-खाजणांकडे निघतं आणि वाटेत याच्या अंगणात मुक्काम करतं. पूर्वी ते जिरवायला तळी होती. त्यातली कितीतरी एका रात्रीत ट्रकभर राडारोडा पडून ‘जुनी मोकळी जागा’ झाली, आणि त्यावर जे घर उभं राहिलं त्याच्या तळमजल्यावर दर श्रावणात तळं परत येतं. लोक विटांवर पलंग चढवतात, चपला हातात घेतात आणि ऑफिसला जातात. २०२५ च्या सप्टेंबरात, दुर्गापूजेच्या तोंडावर, एका रात्रीत शहर बुडालं. सर्वांत जास्त नोंद गडियातल्या कामडहरीची: काही तासांत ३३२ मिलिमीटर. त्या रात्री पाण्यात उतरलेल्या विजेने शहरात माणसं गेली, म्हणून या पहिल्या नंबराचा उल्लेख त्याने कुठेही केला नाही. नाहीतर पहिला नंबर सोडणाऱ्यातला तो नव्हे. पाच दिवसांनी, षष्ठीला, ओल्या भिंतींच्या गल्ल्यांतून नव्या कपड्यांचा वास येत होता आणि गल्लीतल्या क्लबची पोरं वर्गणीची पावती घेऊन दारात उभी होती.

तो इतका कमी पैशांत कसा राहतो, याचं उत्तर हवं असेल तर पहाटे रेल्वे फलाटावर जा. कॅनिंगहून, लक्ष्मीकांतपूरहून पहिल्या लोकल येतात आणि डब्यांतून बायकाच बायका उतरतात. कोणाच्या डोक्यावर शाक-भाजीचा भारा, कोणाच्या हातात नुसती कापडी पिशवी. त्या गडियाची, जादवपूरची, ढाकुरियाची भांडी घासणार, पोळ्या लाटणार, म्हाताऱ्यांना आंघोळी घालणार आणि दुपारच्या गाडीने सुंदरबनाकडे परतणार. या गाड्यांना शहराने त्या बायकांच्या कामावरून एक टोपणनाव दिलं आहे, ते इथे लिहिण्याजोगं नाही. गडियाचा स्वस्तपणा त्यांच्या पहाटे तीनच्या गजरावर उभा आहे. बालीगंजमध्ये जेवढ्यात एक खोली मिळणार नाही तेवढ्यात इथे दोन खोल्या आणि कपडे वाळत घालायला गच्ची मिळते, हे तो शंभरदा सांगेल. पण ती गच्ची झाडणारी बाई कुठून येते, हा विषय तो स्वतःहून काढत नाही. एवढं मात्र आहे की तिची लोकल रद्द झाली तर त्या दिवशी त्याचं सगळं तत्त्वज्ञान ओट्यापाशी उष्ट्या भांड्यांत पडून असतं. हिवाळ्यात त्याच दिशेच्या गाड्यांतून जयनगरचा मोआ येतो, खजुराच्या नव्या गुळाचा लाडू. त्याच्या येण्याची चौकशी मात्र तो नोव्हेंबरपासून रोज करतो.

घर भाड्याने घ्यायला गेलात तर तुमची मुलाखत होईल. घरमालक काकू दारात चहा देतील, सोबत दोन बिस्किटं आणि एक संदेश. नोकरी कुठे, हे ओझरतं विचारलं जाईल. मुख्य प्रश्न पुढे. ‘मासे खाता ना?’ मुंबईच्या उपनगरात हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, तो सूर ऐकलेला माणूस इथे घाबरून ‘नाही’ म्हणतो, आणि काकूंचा चेहरा एवढा कोमेजतो की खोली हातची जाते की काय असं वाटतं. खोली मिळते. पण त्यानंतर वर्षभर त्या तुमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात आणि पहिली संधी साधून वाटीभर ‘फक्त रस्सा’ पाठवतात. वीस अंशांच्या ‘कडाक्याच्या थंडीत’ तुम्ही माकडटोपीशिवाय बाहेर पडलात तर खालच्या मजल्यावरून हाक येते. रात्री अकरानंतर आलात तर हाक येत नाही, दिवा लागतो. तुमचा पाहुणा किती वाजता गेला, हे तुमच्याआधी क्लबच्या कॅरमबोर्डावर पोचलेलं असतं. दाराला कुलूप लावायची गरज नाही आणि पत्रं फोडायचीही नाही, मजकूर आधीच सगळ्यांना ठाऊक.

हल्ली घरमालक स्वतःच तीनचाकी टेम्पोत मावतील एवढ्या ट्रंका घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करताना दिसतात. वडलांनी शंख-काठ्यांच्या जोरावर राखलेला प्लॉट प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, दिलेला असतो. दोन वर्षांनी त्याच जागी दोन फ्लॅट मिळायचे असतात. दोनाची तीन वर्षं होतात. अंगणातलं आंब्याचं झाड कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न कागदपत्रात नसतो.

अलीकडे त्याच्या डोक्याला नवा ताप झाला आहे. स्वस्त घरं शोधणारी माणसं आता त्याला ओलांडून पुढे जातात: नरेंद्रपूर, सोनारपूर, बारुईपूर. तिकडच्या इमारतींच्या फलकांवर हसरं जोडपं असतं, शेजारी निळा जलतरण तलाव असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘गडियाजवळ, मेट्रोपासून अवघी दहा मिनिटं’. असा एक फलक पाच नंबर स्टँडसमोरच लागला होता. गृहस्थ पिशवी हातात घेऊन बराच वेळ वाचत उभा राहिला. मान किंचित ताठ झाली. मग शेजारच्या पानवाल्याकडे वळून म्हणाला, ‘सोनारपूर म्हणे गडियाजवळ! दहा मिनिटं! हेलिकॉप्टरने काय? अन् तिकडे राहतं कोण? ते काय कोलकाता आहे?’